तात्पुरत्यांनी आईसाठी लावलेलं प्रदर्शन

तात्पुरते हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव चांगलं भारदस्त आहे, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. शहराच्या संग्रहालय खात्यात तात्पुरती प्रदर्शनं ठरवण्याचं काम त्यांच्याकडे आहे, म्हणून कुणीतरी एकदा 'तात्पुरते' म्हटलं आणि ते नाव असं काही चिकटलं की त्यांची आईसुद्धा फोन उचलून सांगते, "तात्पुरते घरी नाहीत." समोरच्याला वाटतं, थोड्या वेळात येतील. मग तो दर दहा मिनिटांनी फोन करत बसतो.

आमच्या वरच्या मजल्यावर हे मायलेक राहतात. तात्पुरत्यांचं लग्न राहून गेलं. आई म्हणते, "त्याला दोन वर्षं आधी कळवावं लागतं, मुली तेवढं थांबत नाहीत." यात अतिशयोक्ती फार नाही. तात्पुरत्यांच्या खोलीत भिंतभर एक तक्ता आहे आणि त्यावर रंगीत कागदाच्या पट्ट्या टाचण्यांनी लावलेल्या आहेत. एक पट्टी म्हणजे एक प्रदर्शन. आज दुपारी काय खायचं हे ज्या माणसाला दुपार झाल्यावरही ठरवता येत नाही, तो पुढल्या वर्षाच्या शेवटी मुख्य इमारतीच्या डाव्या दालनात काय टांगलेलं असेल हे झोपेत सांगतो.

खिशात मोजपट्टी असल्याशिवाय तात्पुरते घराबाहेर पडत नाहीत. कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे न बघता भिंतीकडे बघतात. माझे सासरे गेले तेव्हा भेटायला आले होते. माझा हात हातात घेऊन "फार वाईट झालं" म्हणाले आणि दुसऱ्या हाताने माझ्या मागचं कॅलेंडर सरळ केलं. बायको आजही त्यावरून त्यांना चिडवते. ते ओशाळतात, पण कॅलेंडर पुन्हा तपासतात.

त्यांनी लावलेली प्रदर्शनं मी सगळी पाहिली आहेत. शेजारधर्म म्हणून बघावीच लागतात. टोप्यांचं पाहिलं, कुलपांचं पाहिलं, शहरातल्या गटारांचं पाहिलं. गटारांच्या वेळी दालनात मी आणि गटार खात्यातले एक निवृत्त गृहस्थ एवढेच होतो, आणि त्या गृहस्थांना प्रत्येक नकाशापुढे गहिवरून येत होतं. "बघा," तात्पुरते मला बाजूला घेऊन म्हणाले, "एकासाठी का होईना, लावलं ते बरं केलं ना?" एकासाठी प्रदर्शन लावायची त्यांची ही तयारी पुढे त्यांच्याच घरात उपयोगी पडली. पडली म्हणजे काय, ते सांगतो.

तात्पुरत्यांची आई आणि मावशी तरुणपणी एकाच शिवणकामाच्या कारखान्यात होत्या. काम मंदावलं की तिथल्या बायका स्वस्थ बसायच्या नाहीत. सगळ्यांनी मिळून उरलेल्या कापडावर अख्खं शहर शिवायला घेतलं. जिने तिने आपापली गल्ली शिवायची, असा नेम. भिंतीएवढं कापड तयार झालं. कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने यंत्रं विकली आणि ते कापड संग्रहालयाला देऊन टाकलं. या बहिणी एकाच गल्लीतल्या, तेव्हा गल्ली दोघींनी मिळून शिवली. त्या गल्लीच्या तोंडाशी एक कुत्रा बसलाय. तो कुणी शिवला, यावरून या दोघींचं जन्माचं भांडण.

"कुत्रा माझा," आई म्हणते. "शेपटीचा टाका बघ. असा उलटा पीळ माझ्याशिवाय कारखान्यात कुणाला येत नव्हता."

"तुला पीळ येतो हे खरं," मावशी म्हणते. "शेपटीला नाही, तुला."

खात्याच्या पुस्तकात त्या कापडाचा फोटो आहे. तात्पुरत्यांनी तो मोठा करून दोघींना दाखवला होता. आईने फोटो परत केला. "फोटोत टाका दिसत नाही रे, नुसता कुत्रा दिसतो. प्रत्यक्ष समोर आण, मी माझा हात ओळखते."

हे सगळं वर्षानुवर्षं गमतीत चाललं होतं. मग आईचे डोळे बिघडले. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून गेले, तर डॉक्टरांनी दिव्याने बराच वेळ आत पाहिलं आणि सांगितलं की डोळ्यामागचा पडदा झिजतोय. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती जमेल तेवढी सांभाळायची. तात्पुरत्यांनी विचारलं, किती दिवस? डॉक्टर म्हणाले, तसं ठरवून सांगता येत नाही. ज्या माणसाचं सगळं आयुष्य तारखा ठरवण्यात गेलं, त्याला हे उत्तर मिळालं.

परत येऊन जिन्याशी आल्यावर आई म्हणाली, "डॉक्टर स्वभावाने चांगला आहे, पण दात स्वच्छ नाहीत." आणि दोन पायऱ्या चढून, कठड्याला धरून, "ते कापड एकदा बघायचंय रे मला. दिसतंय तोवर."

बस. एवढंच तिचं मागणं. मुलगा संग्रहालयात, कापड संग्रहालयात. यात अवघड काय असणार?

अवघड होती अंधारबाई. हेही नाव खात्यानेच ठेवलेलं. जुन्या वस्तू खराब होऊ नयेत म्हणून जपणं हे या बाईंचं काम, आणि प्रकाश हा त्यांचा वैरी. कापड, कागद, रंग, यांना उजेड हळूहळू खातो, आणि खाल्लेला रंग परत येत नाही, म्हणून त्या प्रत्येक वस्तू अंधारात ठेवायला बघतात. खात्यात म्हणतात, अंधारबाईंनी लग्नात नवरासुद्धा थोडाच वेळ उजेडात बघू दिला. ते कापड काही वर्षांपूर्वी प्रदर्शनात बरेच महिने टांगलं होतं, आणि त्यानंतर बाईंनी त्याला विश्रांती दिली होती. नळीवर गुंडाळून, पांढऱ्या कापडात लपेटून, गावाबाहेरच्या कोठारात.

"कापड विश्रांती घेतं?" आईने विचारलं. "कारखान्यात आम्हाला कुणी दिली नाही ती."

तात्पुरते बाईंकडे गेले. कोठारात आईला नेऊन फक्त एकदा उलगडून दाखवायचं, एवढं म्हणाले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "साहेब, कोठारात बाहेरच्या कुणाला न्यायचं नाही, हा नियम कुणी केला?"

नियम तात्पुरत्यांनीच केला होता. खात्याच्या समितीतले एक सदस्य आपल्या व्याह्यांना तलवारी दाखवायला कोठारात घेऊन गेले होते, त्यानंतर.

"माझी आई आहे हो, बाई."

"सगळ्यांना असतात," बाई म्हणाल्या. मग जरा मऊ आवाजात, "प्रदर्शनासाठी काढायचं असेल तर काढू. तेव्हा उलगडावंच लागतं. पण तक्त्यावर बघा, केव्हा आहे ते."

तक्त्यावर ते होतं पुढल्या वर्षाच्याही पुढे. तात्पुरत्यांनी स्वतःच्या हाताने टाचलेली पिवळी पट्टी. त्या दिवशी आमच्याकडे येऊन बसले आणि चहा निवेपर्यंत हे सगळं सांगत राहिले. "पट्टी काढून इकडे लावायची, एवढंच तर आहे," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना घर उचलून रस्त्यापलीकडे ठेवायला सांगितलं होतं.

कारण एक पट्टी हलवली की सगळ्या हलतात. तक्त्यावर सगळ्यात जवळची जागा होती घड्याळांच्या प्रदर्शनाची. एका म्हाताऱ्या घड्याळजींनी जन्मभर जमवलेली घड्याळं खात्याला दाखवायला देऊ केली होती. तात्पुरते त्यांच्या घरी गेले, सोबत मीही होतो. घरात इतकी टिकटिक की आपला श्वास आपल्याला ऐकू येईना. तात्पुरत्यांनी आईची सगळी हकीकत सांगितली आणि तुमचं प्रदर्शन पुढे ढकलता येईल का, असं विचारलं.

"घड्याळवाल्याला वेळ बदल म्हणताय?" घड्याळजी म्हणाले.

"हो."

"डोळे केव्हापर्यंत राहतील म्हणाले?"

"नक्की सांगत नाहीत."

घड्याळजींनी आपल्या डोळ्यावरचं भिंग काढलं, पुसलं, परत लावलं. "चाळीस वर्षं मी बारीक चाकं बघून पोट भरलं. घ्या माझी जागा. फक्त मी मेलो तर घड्याळांना किल्ली कोण देणार, तेवढं लिहून ठेवा." एवढ्यात सगळी घड्याळं एकदम वाजायला लागली आणि आभार मानायचे राहून गेले.

मग समिती. समितीत दोन तास चर्चा झाली ती प्रदर्शनाच्या नावावर. खात्यात नाव ठेवताना मध्ये दोन टिंबं लागतातच, नाहीतर प्रदर्शन अभ्यासपूर्ण वाटत नाही. 'टोप्या : डोक्यावरचा इतिहास' असं. शेवटी 'गल्ली : धाग्यांनी शिवलेलं शहर' यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि तारीख बदलल्याचं कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. तात्पुरते घरी आले ते उड्या मारतच. आईला म्हणाले, "आई, ठरलं! आता थोडेच महिने."

"मग मी डोळे जपून वापरते," आई म्हणाली.

आणि खरंच वापरायला लागली. टीव्ही बंद केला. वर्तमानपत्र मुलाकडून वाचून घ्यायची. दुपारी खिडकीशी डोळे मिटून बसायची. मी विचारलं, "झोपलात का, काकू?" तर म्हणाल्या, "नाही रे, साठवतेय."

पण साठवून राहतात असे ते डोळे नव्हते. चहा ओतताना काकू कपाच्या काठावर बोट ठेवायला लागल्या. आम्ही पाहिलं नाही असं दाखवलं. एकदा मी वर गेलो तर दारामागे तात्पुरत्यांचा कोट टांगलेला होता आणि काकू कोटाला सांगत होत्या, "अहो, उभे का? बसा ना." तात्पुरते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी कोट काढून आत नेला आणि खुर्ची सरकवल्याचा आवाज केला, म्हणजे कोट बसला असं वाटावं. मग मी खाकरलो आणि कोटाच्या जागी बसलो.

इकडे प्रदर्शनाची तयारी तात्पुरत्यांनी अशी केली की खात्याने कधी पाहिली नव्हती. एरवी कापड लावतात त्यापेक्षा हातभर खाली लावलं, कारण आईची उंची तेवढी. समोर पाठ टेकायला जागा असलेला बाक ठेवायला लावला. दारातला उंबरठा सुतारमिस्त्रींकडून काढवला. मिस्त्री कुरकुरले, "उंबरठा काढला तर लोकांना आत आलो ते कळणार कसं?" पाट्यांवरची अक्षरं दुप्पट केली. गाडी कुठे थांबेल, तिथून किती चालावं लागेल, मुतारी किती लांब, सगळं स्वतः चालून पाहिलं. डोळे मिटूनही चालून पाहिलं आणि एका खांबावर आपटले.

आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आणि अंधारबाईंनी दिवे लावले. बाई खाली प्रकाश मोजायचं यंत्र धरून उभ्या, तात्पुरते शिडीवर. "कमी करा. अजून. जरा अजून. हां, थांबा!" आकडा बरोब्बर बसला, कापडाला जेवढा सोसतो तेवढाच उजेड, कणभर जास्त नाही. तात्पुरते शिडीवरून उतरले, बाईंशी हात मिळवला आणि घरी आले. इतकी वर्षं त्या मंद उजेडात काम करून त्यांचे डोळे त्याला असे सरावले होते की त्यांना तो उजेडच वाटायचा. 'दिवे मंद का आहेत?' असं लोक विचारतात म्हणून त्यांनी स्वतः लिहिलेली पाटी प्रत्येक दालनात असते. तीही त्यांनी आपल्या हाताने लावली होती, दुप्पट अक्षरांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उद्घाटनाच्या आधी, मी गाडी काढली. पुढे तात्पुरते, मागे दोघी बहिणी. मावशीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, तिला आता रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटीसुद्धा वाचता येते, आणि ती वाटभर वाचत होती.

"आज सोक्षमोक्ष," मावशी म्हणाली. "कुत्रा माझा निघाला तर गाडीतून उतरायचं आणि चालत घरी जायचं."

"आणि माझा निघाला तर?"

"तर मी पुढच्या सीटवर बसते. तुझ्याशेजारी बसवणार नाही मला."

काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती. चष्मा तीनदा पुसला. दालनाच्या दारात त्या क्षणभर थांबल्या, पदर सारखा केला आणि मुलाचा हात सोडून एकट्या आत गेल्या.

बाहेर लख्ख ऊन होतं. आत आल्यावर मलाही आधी काही दिसेना. मग हळूहळू कापड उमटायला लागलं. गल्ल्या, खिडक्या, वाळत घातलेले कपडे, पाण्याची टाकी. भिंतभर शहर, आणि प्रत्येक घराची कडा निराळ्या हाताची. माझ्या तोंडून "वा!" निघालं. मी काकूंकडे वळलो.

काकू कापडापुढे नव्हत्याच. शेजारच्या भिंतीवर माहितीचा भला मोठा करडा फलक होता, त्याच्यापुढे हात जोडल्यासारखे धरून उभ्या होत्या. मान थोडी वर. "किती छान लावलंय रे," त्या म्हणाल्या. "किती मोठं दिसतंय."

तात्पुरते जागच्या जागी उभे राहिले. मोजपट्टी खिशात होती, तिथेच त्यांचा हात गेला आणि तिथेच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघवेना म्हणून मी बाकाकडे बघितलं. उंची मोजली होती, उंबरठा मोजला होता, मुतारीपर्यंतची पावलं मोजली होती. आईच्या डोळ्यांना किती उजेड लागतो ते मोजायचं राहून गेलं होतं.

त्यांनी काकूंना खांद्याला धरून हलकेच कापडापुढे आणलं. "इथून जास्त चांगलं दिसतं, आई."

"हो हो. इथूनही छान."

अंधारबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. तात्पुरते त्यांच्याकडे गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. बाईंनी हातातलं यंत्र पर्समध्ये टाकलं, भिंतीवरच्या खटक्यापाशी गेल्या आणि दिवे वाढवले. एकदा. मग आणखी. कापडावर शहराची सकाळ झाली. ज्या बाईंनी खात्यात कुणाला टॉर्चसुद्धा पेटवू दिला नाही, त्यांनी चेहरा दुसरीकडे केला.

काकू पापण्या फडफडवत बघत होत्या. कापडापुढच्या काचेला नाक लावण्याइतक्या पुढे गेल्या. एका बाजूने बघितलं, मान कलती करून दुसऱ्या बाजूने बघितलं.

"दिवा वाढवलात का रे?" काकूंनी विचारलं.

"थोडा."

"करडं करडं होतं, आता पांढरं पांढरं दिसतंय." त्या मागे सरल्या. "कमी करा तो. कापड खराब होईल. आम्ही जीव ओतलाय त्यात."

कुणी हललं नाही.

"अहो बाई, करा की कमी! तुमचं काम आहे ना ते?"

बाईंनी दिवे होते तसे केले.

मावशी इतका वेळ काचेजवळ उभी होती. गल्लीच्या तोंडाशी तिची नजर बराच वेळ खिळली होती. शेपटीवर. तिने बहिणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला डोळ्यांनी दटावलं. मग नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाली, "शी! मला तरी कुठे काय दिसतंय! तुझ्या पोराने इथे काळोख मांडून ठेवलाय आणि वर लोकांना बोलावतो."

"तुलाही दिसत नाही?"

"ऑपरेशन फुकट गेलं माझं. कुत्रा आहे की बोका, तेही कळत नाही."

काकूंचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी पाहिला. "म्हणजे तुला सांगता येणार नाही तो कुणाचा ते."

"नाहीच."

"मग माझाच आहे तो."

"आंधळ्या बाईचा कुत्रा! वा गं वा!"

दोघी बाकावर बसून भांडायला लागल्या. तात्पुरते तिथेच उभे होते. थोड्या वेळाने ते फलकापाशी गेले, तो सरळ आहे ना ते पाहिलं, आणि सरळच होता, तरी हाताने जरा सारखा केला.

संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा जिन्यात तळमजल्यावरच्या वहिनी भेटल्या. त्यांनी विचारलं, "काय काकू, पाहिलंत का एकदाचं?"

"पाहिलं म्हणजे काय!" काकू कठड्याला टेकल्या आणि सांगायला लागल्या. कुठल्या घराला कुठला पडदा, कुणाच्या गच्चीवर कबुतरं, पाण्याच्या टाकीला कुणी किती टाके घातले, आमच्या गल्लीचा निळा रंग अजून कसा जसाच्या तसा आहे. जिन्यातली माणसं थांबून ऐकायला लागली. मी सकाळी तासभर त्या कापडापुढे उभा होतो. त्यांच्या गल्लीचा रंग विटून राखाडी झालाय. बाकी सगळं मात्र अगदी बरोबर सांगत होत्या. मला दिसलं नव्हतं तेसुद्धा.

"हो की नाही रे?" त्यांनी मागे वळून मुलाला विचारलं. वळल्या त्या माझ्याकडे.

तात्पुरते दोन पायऱ्या खाली उभे होते. एका हातात आईची पर्स, दुसऱ्या हातात चष्म्याची डबी.

"हो," ते म्हणाले. "अगदी निळा."